निकाल लांबवा: अपराधीपणा आणि मैत्रीवरची कुमार कादंबरी वर्गात शिकवताना

मैत्री, हातून घडलेली चूक आणि त्यानंतरचे पेच यांवरची कादंबरी शिकवायला घेतली की पहिल्या आठवड्यातच वर्गाचा निकाल लागून जातो. चाळीस पानं वाचून झालेली असतात आणि मुलं सांगून मोकळी होतात: ती वाईट, तो बिचारा, खरं बोलायला हवं होतं. हा निकाल चुकीचाच असतो असं नाही. पण तो लागला की उरलेली दीडशे पानं वाचायचं कारणच उरत नाही. गोष्टीखाली ‘तात्पर्य’ लिहायची सवय आपल्याला लहानपणापासूनची. शिक्षकाला ते सांगायची घाई असते आणि मुलांना उतरवून घ्यायची.

अशी कादंबरी पहिल्यांदाच शिकवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. माझं म्हणणं एवढंच, की निकाल लांबवा. तो रद्द करू नका. शेवटी प्रत्येक मुलाने आपलं मत द्यायचंच आहे, पण पुस्तकातली पानं समोर ठेवून. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी स्वतः वाचा, दोन वेळा

पहिल्यांदा निव्वळ वाचक म्हणून वाचा. कुठे राग आला, कुठे पान भरकन उलटलं, कोणाची बाजू घ्यावीशी वाटली हे लक्षात ठेवा. वर्गातल्या बऱ्याच मुलांचं तेच होणार आहे. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्या आणि घटनांवर नव्हे, निर्णयांवर खुणा करा. पात्रापुढे दोन वाटा होत्या आणि त्याने एक धरली, अशा जागा. गप्प बसणं हाही निर्णय असतो, आणि या प्रकारच्या कादंबऱ्यांत सगळ्यात महागात पडणारे निर्णय बहुतेक वेळा तसलेच असतात. त्यांच्यावर वेगळी खूण करा, कारण मुलांच्या नजरेतून नेमके ते सुटतात.

बोलायला सोपं जावं म्हणून एक कथानक धरू, इथल्यापुरतं रचलेलं. एक मुलगी जिवलग मैत्रिणीच्या वहीतल्या एका खासगी पानाचा फोटो काढते आणि थट्टेत वर्गाच्या ग्रुपवर टाकते, दुसऱ्याच कोणाच्या तरी फोनवरून. फोटो पसरतो. वहीवाली मैत्रीण शाळेत यायची बंद होते. आळ येतो फोन ज्याचा होता त्या मुलावर, आणि त्याला शाळेतून काढलं जातं. फोटो टाकणारी गप्प बसते. आणखी एका मुलाने तिला तो फोन हातात घेतलेलं पाहिलेलं असतं. तोही गप्प बसतो.

तुमच्या कादंबरीसाठी एक तक्ता करा: उभ्या रकान्यांत पात्रं, आडव्या ओळींत प्रकरणं, आणि प्रत्येक चौकटीत त्या वेळी त्या पात्राला नेमकं काय ठाऊक होतं. करायला वेळखाऊ आहे, पण पुढे वर्गात ‘तिला कळायला नको होतं का?’ असा वाद पेटला की हाच तक्ता कामाला येतो. फोटो टाकणारीला मैत्रीण शाळा सोडणार हे त्या रात्री ठाऊक नव्हतं. मुलगा काढला जाणार हे मात्र दोन दिवस आधी ठाऊक होतं. दोन निर्णय, दोन वेगळी वजनं.

आणखी एक पाहा: ही गोष्ट सांगतंय कोण, आणि केव्हा? अपराधीपणावरच्या बऱ्याच कादंबऱ्या ‘मी’च्या तोंडून येतात, घटनेनंतर काही काळाने. तेव्हा सांगणं हीच एक कृती होते. ती कबुली असेल, बचाव असेल किंवा दोन्ही. निवेदक कुठे घाईने पुढे सरकतो, कोणत्या प्रसंगाचं वर्णन दोन ओळींत उरकतो, कुठे ‘मला नीट आठवत नाही’ म्हणतो, त्या जागा टिपून ठेवा. वर्गात सोनं तिथेच सापडतं.

कादंबरी अजून निवडायची असेल तर ज्याच्यावर अन्याय झाला तो निव्वळ देवमाणूस नसलेली निवडा, आणि शेवटच्या प्रकरणात लेखकाने स्वतःच सगळ्यांना शिक्षा-बक्षीस वाटून टाकलेली टाळा.

वर्गात कोण बसलंय याचा विचार

‘तुमच्या आयुष्यात असं कधी घडलंय का?’ हा प्रश्न वर्गात विचारू नका. चांगल्या हेतूने विचारला जातो, म्हणून तर तो जास्त धोक्याचा. उत्तर देणारं मूल स्वतःची किंवा मित्राची गोष्ट तीस जणांपुढे उघडी करतं, आणि ती गोष्ट मधल्या सुट्टीत शाळाभर होते. न देणाऱ्याची अवस्था आणखी वाईट. सगळं बोलणं पात्राच्या आडून होऊ द्या. पात्र हा मुलांना मिळालेला आडोसा आहे. त्यामागून ती स्वतःबद्दल बरंच बोलतात, फक्त कोण कशाबद्दल बोलतंय हे आपण उकरायचं नाही.

पुस्तकात मृत्यू, छळ, घरातली मारहाण असं काही असेल तर सुरुवातीलाच तसं सांगा, तपशिलाशिवाय. ज्याला एखादा भाग वर्गात ऐकायचा नाही त्याने येऊन सांगावं, कारण विचारलं जाणार नाही. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांना आधीच पुस्तकाची कल्पना द्या. वाचन-नोंदींच्या वह्या ठेवणार असाल तर पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला: यात लिहिलेलं मी वर्गात वाचून दाखवणार नाही, पण कोणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर मी ते स्वतःपाशी ठेवू शकणार नाही.

कादंबरीत आत्महत्या असेल तर विशेष जपा. ‘त्याच्या एका वाक्यामुळे तिने जीव दिला’ असं सरळ समीकरण वर्गात तसंच राहू देऊ नका. आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असतं, आणि हे समीकरण ऐकून बाकावरचं एखादं मूल आयुष्यभराचं ओझं घेऊन घरी जाऊ शकतं. पद्धतीच्या वर्णनावर चर्चा नको. मदत कुठे मागायची याबद्दल मात्र नक्की बोला.

पुस्तक उघडण्याआधीचा तास

लेखकाचा परिचय, प्रकाशन वर्ष वगैरे नंतर. पहिल्या तासाला मुलांची मतं बाहेर काढा. खोलीच्या चार कोपऱ्यांना चार पाट्या लावा: पूर्ण पटतं, थोडं पटतं, फारसं पटत नाही, अजिबात नाही. एक वाक्य वाचा, मुलं आपापल्या कोपऱ्यात जातील. ‘खरा मित्र गुपित फोडत नाही.’ ‘चूक मनापासून कबूल केली की माफी मिळायलाच हवी.’ ‘मी काहीच केलं नाही, म्हणजे माझा दोष नाही.’ तीन-चार वाक्यं पुरेत. वाक्यं अशी निवडा की कादंबरी पुढे त्यांना धक्का देईल.

यानंतर मी एक जुनी जोडगोष्ट सांगतो. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या नैतिक विचारांवरचा आपला अभ्यास १९३२ साली प्रसिद्ध केला. त्यात ते लहान मुलांना दोन गोष्टी सांगत. एका मुलाला जेवायला हाक येते, तो दार ढकलतो, दारामागे ट्रे असतो आणि १५ कप फुटतात. दुसरा मुलगा आई घरात नसताना कपाटातला जॅम चोरून काढायला जातो आणि १ कप फुटतो. जास्त खोडकर कोण? लहानगी मुलं बरेचदा १५ कप फोडणाऱ्याकडे बोट दाखवत; मोठी मुलं हेतू पाहत. तुमचा वर्ग हसेल आणि एकमुखाने म्हणेल, ‘अर्थातच हेतू महत्त्वाचा.’

मग दुसरी जोडी द्या. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नागेल या तत्त्वज्ञांनी ‘नैतिक नशीब’ हा प्रश्न मांडला. दोन चालक सारखेच दारू पिऊन गाडी चालवतात. एक सुखरूप घरी पोहोचतो. दुसऱ्यासमोर अचानक एक मूल धावत येतं. हेतू एक, बेपर्वाई एक, फरक फक्त परिणामात. दोष सारखाच का? आत्ता हसणारा वर्ग इथे गप्प होतो. उत्तर देऊ नका. तास इथेच संपवला तरी चालेल. आपल्या कथानकातला फोटो कोणी पाहिलाच नसता, तर टाकणारीला रात्री झोप लागली असती का, हा प्रश्न पुढे महिनाभर पुरतो.

कुठे थांबायचं

वाचनाचे टप्पे प्रकरणांच्या शेवटी पाडू नका. निर्णयाच्या आधी पाडा. पात्र दारापाशी उभं आहे, मुख्याध्यापकांनी विचारलंय, ‘तुला काही माहीत आहे का?’ तिथे पुस्तक बंद. आता ती काय करेल आणि तसं का वाटतं, हे वहीत चार ओळींत. दुसऱ्या दिवशी पुढचं पान. अंदाज बरोबर आला की नाही याला महत्त्व नाही. कोणत्या वाक्यावरून तो बांधला याला आहे.

सगळं पुस्तक वर्गात मोठ्याने वाचणं बहुधा जमत नाही. जमेल का हे पाहायचं असेल तर एक पान स्वतः मोठ्याने वाचून घड्याळ लावा आणि पानांनी गुणा. आकडा पाहून मन पटकन तयार होतं. निर्णयाची पानं आणि महत्त्वाचे संवाद वर्गात, बाकी घरी. काही मुलं पुढचं वाचून येतीलच. त्यांना रागावण्यापेक्षा काम द्या: हे घडणार याची चाहूल लेखकाने आधी कुठे-कुठे दिली होती, त्या जागा शोधा आणि कोणालाही सांगू नका.

प्रश्न, आणि प्रश्नानंतरची शांतता

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात. तीच वाट ३ सेकंदांपर्यंत नेली तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. नैतिक पेचाच्या प्रश्नाला ३ सेकंदही कमीच. मनात दहापर्यंत मोजा. शांतता अवघड वाटते ती तुम्हाला. मुलं विचार करत असतात.

दोन ठरावीक उत्तरं येतील, त्यांची तयारी ठेवा. पहिलं: ‘तिने खरं सांगायला हवं होतं.’ यावर वाद घालू नका, फक्त खोदत जा.

‘कोणाला?’
‘सरांना.’
‘मैत्रिणीला आधी नाही?’
‘...हो, मैत्रिणीला आधी.’
‘मैत्रीण दार उघडत नाहीये. चिठ्ठी टाकायची?’
‘चिठ्ठी दुसऱ्या कोणाच्या हाती पडली तर?’

बघा, आता ते मूल पुस्तकाच्या आत आलं. ‘खरं सांगावं’ हे वाक्य कोणाला, केव्हा, कोणत्या शब्दांत, आणि दुसऱ्या दिवशी कोणाचं काय झालं असतं, या चार प्रश्नांतून गेलं की ते घोषवाक्य राहत नाही.

दुसरं उत्तर याच्या उलट टोकाचं: ‘ज्याचं त्याचं मत असतं.’ हे समंजस वाटतं, पण असतं पळवाट. यावर एकच विचारा: शाळेतून काढलेल्या त्या मुलासमोर उभं राहून हे वाक्य म्हणता येईल का? निकाल लांबवणं म्हणजे निकालच नाही असं नव्हे, हे मुलांना इथे कळतं.

स्वतःचं मत सांगायचं की नाही? विचारलं तर सांगा, पण शेवटच्या आठवड्यात. तुम्ही आधी बोललात की अर्धा वर्ग तुमच्याशी सहमत होतो आणि उरलेला तसं दाखवतो.

अपराधीपणा कसा वाचायचा

या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या. ‘तिला अपराधी वाटत होतं’ असं चांगला लेखक क्वचितच लिहितो. तो वागणूक दाखवतो. म्हणून मुलांना काम द्या: अपराधीपणाचा उल्लेख न करता तो जिथे दिसतो अशी वाक्यं शोधा. ज्याच्यावर अन्याय केला त्याच्याशी अचानक फार गोड वागणं. किंवा त्याच्यावरच विनाकारण चिडणं, जे मुलांना आधी कोड्यात टाकतं आणि मग लख्ख ओळखीचं वाटतं. ठरावीक रस्ता टाळणं. मोठी चूक झाकायला लहान चूक कबूल करणं. जेवण न जाणं. कोणीही विचारलेलं नसताना खुलासा देत सुटणं.

मग तीन गोष्टी वेगळ्या करायला शिकवा, कारण मुलं त्या एकात एक मिसळतात.

पहिली, पकडलं जाण्याची भीती. ओळखायची खूण सोपी आहे: धोका टळल्यावर पात्राला हायसं वाटतं का? आपल्या कथानकात त्या मुलाला काढलं गेलं, प्रकरण मिटलं. त्या रात्री फोटो टाकणारी शांत झोपली तर आतापर्यंत ती होती भीती. झोप आणखीच उडाली तर ते दुसरं काहीतरी आहे.

दुसरी आणि तिसरी, अपराधीपणा आणि शरम. मानसशास्त्रज्ञ हेलन ब्लॉक ल्युइस यांनी १९७१ साली मांडलेला आणि पुढे जून टँगनी यांनी संशोधनाने पुढे नेलेला हा फरक वर्गात फार उपयोगी पडतो. अपराधी वाटणाऱ्याचं लक्ष कृतीवर असतं: मी वाईट केलं. शरम वाटणाऱ्याचं लक्ष स्वतःवर असतं: मीच वाईट आहे. पहिल्याला भरपाई करावीशी वाटते, दुसऱ्याला तोंड लपवावंसं वाटतं किंवा उलट हल्ला करावासा वाटतो. एकाच पात्रात दोन्ही आलटून-पालटून येतात. मुलांना दोन रंगांच्या पेन्सिली देऊन एखादं प्रकरण रंगवायला लावा. रंग कुठे बदलतो तिथे काय घडलं हे पाहायचं. बहुधा तिथे कोणीतरी पात्राशी बरं किंवा फार वाईट वागलेलं असतं.

आणि चूक नसताना वाटणारा अपराधीपणा विसरू नका. वहीवाली मुलगी स्वतःलाच दोष देत असेल: मी लिहिलंच कशाला, वही शाळेत आणलीच कशाला. अशी पानं वर्गात वाचली जातात तेव्हा तुम्हाला न दिसणाऱ्या कोणाला तरी त्यांची गरज असते, म्हणून ती घाईने उरकू नका.

अपराधीपणाची उलट बाजू म्हणजे तो टाळायच्या युक्त्या. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी अशा आठ युक्त्या नोंदवल्या, ज्यांनी माणूस स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीला बाजूला सारतो. नावं पाठ करून घेण्यात अर्थ नाही. त्याऐवजी पात्रं जी वाक्यं बोलतात त्या स्वरूपात द्या. ‘तिच्या भल्यासाठीच केलं’: कृतीला उदात्त हेतू चिकटवणं. ‘नुसती गंमत होती’: सौम्य शब्दांचं पांघरूण. ‘बाकीच्यांनी काय-काय केलंय ते बघा’: सोयीची तुलना. ‘मला तर सांगितलं होतं तसं करायला’: जबाबदारी वर ढकलणं. ‘सगळ्यांनीच फॉरवर्ड केलं’: जबाबदारी वाटून टाकणं. ‘एवढं काय झालं त्यात?’: परिणाम लहान करणं. ‘तिनेच ओढवून घेतलं’: जिच्यावर अन्याय झाला तिलाच दोष. आणि आठवी, सगळ्यात भयंकर, जिच्या जोरावर बाकीच्या चालतात: समोरच्याला माणूस न मानणं, त्याला नाव न उरता एक टोपणनाव उरणं. गटागटाने कादंबरीत ही वाक्यं शोधायला सांगा. दोन तास मजेत जातात, आणि नंतर मुलं मधल्या सुट्टीतही एकमेकांना पकडू लागतात. ते तसंच चालू द्या, आपण बोट दाखवू नका.

मैत्रीचे तीन नकाशे

पात्रांची नावं कागदावर लिहून त्यांच्यामध्ये रेघा काढायच्या: जाड, बारीक, तुटक, एका बाजूने बाण. असा नकाशा पुस्तकाच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी. तीन कागद शेजारी ठेवले की कोणती रेघ घटनेच्या आधीच बारीक झाली होती हे दिसतं. हे महत्त्वाचं आहे, कारण मुलं धरून चालतात की मैत्री त्या एका कृतीने मोडली. बरेचदा ती आधीच तडकलेली असते, आणि मत्सराची पानं मागे सापडतात.

अ‍ॅरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगाची, सुखाची आणि एकमेकांच्या चांगुलपणावर उभी असलेली. नकाशातल्या प्रत्येक रेघेवर यातला एक प्रकार लिहायला लावा. भांडणं होतील, होऊ द्या. निष्ठा आणि न्याय यांची ओढाताण समजवायला महाभारतातला कर्ण हाताशी आहेच. युद्धाआधी कृष्ण त्याला जन्माचं रहस्य सांगतो, तरी तो दुर्योधनाची साथ सोडत नाही. हे थोरपण की चूक, यावर मुलांची मतं तयारच असतात, आणि ती कादंबरीवर लावून पाहायला त्यांना आवडतं.

नुसतं पाहून गप्प राहिलेल्या मित्राकडे मात्र बहुतेक वर्ग वळतच नाहीत. त्याच्यासाठी एक प्रयोग सांगा. १९६८ साली डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना इंटरकॉमवर एकाला झटका आल्याचे आवाज ऐकवले. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के तो झटका संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकतायत असं वाटणाऱ्यांपैकी ३१ टक्केच. माणसं तशीच, फक्त ‘कोणीतरी करेल’ ही जाणीव वेगळी. यावरून त्या मित्राला सूट मिळते का? हा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा.

निर्णयाचा क्षण उभा करणं

अभिरूप न्यायालय भरवायचा मोह होईल. मला ते आवडत नाही. काळे कोट, टाळ्या, दोषी की निर्दोष. ज्या निकालापासून आपण वर्गाला महिनाभर दूर ठेवलं, तोच शेवटी मनोरंजन म्हणून लागतो. त्याऐवजी गल्ली करा. मुलं दोन रांगांत समोरासमोर उभी राहतात. एक मूल पात्र होऊन मधून सावकाश चालतं. एका रांगेने सांगण्याची कारणं द्यायची, दुसरीने गप्प राहण्याची, प्रत्येकाने एकेक वाक्य, पात्राच्याच मनातलं. टोकाला पोहोचल्यावर त्या मुलाने निर्णय सांगायचा आणि कोणत्या वाक्याने तो झाला तेही.

अट एकच: त्या क्षणी पात्राला जे ठाऊक होतं तेवढंच वापरायचं. इथे तुमचा तक्ता बाहेर काढा. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ साली दाखवलं, की निकाल कळल्यावर माणसाला तो आधीपासूनच उघड होता असं वाटू लागतं. ‘तिला कळायलाच हवं होतं’ म्हणणाऱ्या मुलांना हे सांगा आणि त्यांचे स्वतःचे, पुस्तक बंद करून लिहिलेले अंदाज परत वाचायला द्या.

दोन रांगांनंतर विचारा: तिसरी वाट होती का? मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग मुलांना हाइन्झ नावाच्या माणसाचा पेच घालत असत: बायको मरणपंथाला, औषध परवडत नाही, चोरावं का? कॅरल गिलिगन या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ साली दाखवून दिलं की याच पेचात ११ वर्षांची एक मुलगी ‘चोरावं’ किंवा ‘चोरू नये’ यात अडकतच नाही. ती औषधवाल्याशी बोलून काही मार्ग निघेल का ते पाहते. नियम आणि हक्क यांवरून विचार करणं एक, नाती सांभाळत विचार करणं दुसरं. मुलगे एका बाजूला आणि मुली दुसऱ्या, अशी वाटणी मात्र वर्गात करू नका; दोन्ही आवाज प्रत्येकात असतात.

माफी

शेवटच्या प्रकरणात कोणीतरी माफी मागतं, किंवा मागत नाही. अ‍ॅरन लाझार या मनोविकारतज्ज्ञांनी माफीचे चार भाग सांगितले: काय केलं याची स्पष्ट कबुली, खुलासा, पश्चात्ताप आणि भरपाई. कादंबरीतली माफी या चारांवर तपासा. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ यात यातलं काय आहे? मग अवघड प्रश्न: ही कबुली कोणाचं ओझं हलकं करते? दोन वर्षांनी सावरलेल्या वहीवालीकडे जाऊन सगळं सांगणं हा प्रामाणिकपणा की स्वतःची सुटका? आणि आळ आलेल्या मुलाचं काय, त्याच्याकडे कोणी गेलं का? क्षमा न करणाऱ्या पात्राला वर्ग चटकन कठोर ठरवतो, तेव्हा त्याची बाजू मांडायचं काम वर्गातल्या सगळ्यात चांगल्या वक्त्याला द्या.

लेखन आणि गुण

‘या कादंबरीतून तुम्ही काय शिकलात?’ हा प्रश्न टाळा. मुलांना हवं ते उत्तर पाठ असतं आणि इंटरनेटवरही ते तयार मिळतं. सारांश वाचून लिहिता येणार नाही असं विचारा: एक प्रसंग गप्प राहिलेल्या मित्राच्या नजरेतून लिहा, न पाठवलेलं पत्र लिहा आणि ते का पाठवलं नाही हे एका परिच्छेदात सांगा, निवेदक एका ठिकाणी खोटं बोलतोय असं सिद्ध करा.

गुण मताला नाहीत. २० पैकी ८ पुस्तकातल्या पुराव्याला, ५ विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे मांडण्याला, ४ स्वतःची भूमिका स्पष्ट घेण्याला, ३ भाषेला, अशी वाटणी मला बरी वाटते, आणि ती मुलांना आधीच सांगावी. ‘तिने गप्प राहायलाच हवं होतं’ असं लिहिणारी उत्तरपत्रिका तुम्हाला खटकेल. पुरावा चोख असेल तर पूर्ण गुण द्या आणि समासात एक प्रश्न लिहून परत करा. ‘त्याला काढल्यावरही?’ एवढा पुरे.

वेळ कमी पडला तर

पडतोच. आधी मैत्रीचे नकाशे तीनाऐवजी दोन करा. मग लेखन एकावर आणा. चार कोपरे गाळले तरी चालतील, पण कप आणि चालकांच्या दोन गोष्टी ठेवा. त्याला वीस मिनिटं लागतात. पुस्तकाचा मधला भाग घरी वाचायला देऊन वर्गात फक्त निर्णयाची पानं घेतलीत तरी फारसं बिघडत नाही. गल्लीचा तास आणि अपराधीपणाची वाक्यं शोधण्याचे दोन तास मात्र कापू नका, आणि शेवटचं प्रकरण तासाच्या अखेरच्या दहा मिनिटांत कधीच वाचू नका. ते वाचून झाल्यावर मुलांना बोलायला वेळ हवा असतो, आणि घंटा झाली की ते बोलणं तुमच्याशिवाय होतं.